एलएलबीची फी सोडा, ते प्रीमियमचं आधी बघा

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ३६, बिल्डरच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघतात, हातात ४८ हजार, घरखर्च ३८ हजार, बायको-मुलगी अवलंबून, एफडी ९ लाख. नोकरी सोडून ३ वर्षांचं एलएलबी करायचं आणि प्रॉपर्टीची प्रॅक्टिस टाकायची असं ठरलंय. प्रश्न एवढाच की दीड लाख फीसाठी एज्युकेशन लोन घ्यावं की एफडी मोडावी.

एफडी मोडा, झालं उत्तर. ७ टक्क्यांची एफडी ठेवून ११ टक्क्यांचं लोन कशाला डोक्यावर घ्यायचं?

पण पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की बँकेतल्या मॅडमनी एफडी रिन्यू करताना एक गॅरंटीड विमा प्लॅन दिला, वर्षाला १ लाख २० हजार, १० वर्षं भरायचे, २० वर्षांनी २४ लाख, 'पैसे डबल'. अहो, तुमची महिन्याची १० हजारांची अख्खी बचत त्यातच जाते की! आणि डबल कधी, तर प्रत्येक हप्ता सरासरी साडेपंधरा वर्षांनी, म्हणजे जेमतेम साडेचार टक्के. कव्हर किती, १२ लाख, म्हणजे तुमचं काही बरंवाईट झालं तर घर अडीच-पावणेतीन वर्षं चालेल. दोनच हप्ते गेलेत ना, मग सरेंडर (पॉलिसी मोडून पैसे परत) आणि पेडअप (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी चालू) दोन्हीचे आकडे लेखी मागवा. सरेंडरला कदाचित कमीत कमी ३० टक्के, म्हणजे ७२ हजारच येतील, जीव जळेल, तरी तिसरा हप्ता भरू नका. त्याऐवजी १ कोटीचा टर्म (फक्त मृत्यू झाला तर पैसे देणारा स्वस्त विमा) आणि घराचा स्वतःचा मेडिक्लेम घ्या, दोन्ही मिळून ४० हजारांच्या आत बसावं. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबरच जातो, हे पत्रात कुठेच धरलेलं नाही.

आता नोकरी सोडण्याचं. ३ वर्षांचा घरखर्च पावणेचौदा लाख, मग ज्युनिअरशिपची, म्हणजे सीनिअर वकिलाच्या हाताखाली शिकण्याची २ वर्षं. बार कौन्सिलने (वकिलांची नियामक संस्था) २०२४ मध्ये शहरात २० हजार, गावाकडे १५ हजार स्टायपेंड द्या असं सुचवलंय, सुचवलंय फक्त, म्हणून मी १५ धरतो, तूट साडेपाच लाख. वर दीड लाख फी आणि त्या प्लॅनचा ५ वर्षांचा प्रीमियम ६ लाख. पावणेसत्तावीस लाख लागणार आणि आहेत ९! सनद (वकिलीचा परवाना) मिळाली की लगेच महिना लाखभर हे तुमचं स्वप्न कोणी दाखवलं माहीत नाही, बँकेच्या वकिलांच्या पॅनेलवर घ्यायलासुद्धा आधी काही वर्षांची प्रॅक्टिस बघतात.

त्यापेक्षा सकाळची बॅच असलेलं कॉलेज शोधा आणि साहेबांशी आत्ताच बोलून घ्या, कारण ७० टक्के हजेरी लागते आणि डिस्टन्सचं एलएलबी सनदेला चालत नाही, कोणी काहीही विकू दे. नोकरी सनद घेईपर्यंत ठेवा, पुढे पगारी नोकरी आणि वकिली एकत्र चालत नाही. असं केलंत तर फी जाऊन एफडीतले साडेसात आणि ३ वर्षांत वाचलेल्या प्रीमियमचे, नव्या विम्याचे वर्षाला ४० हजार वजा जाता, २.४, असे १० लाख हातात राहतात, त्यात ज्युनिअरशिपची २ वर्षं विम्यासकट निघतात आणि वर साडेतीन-चार लाख उरतात.

एनरोलमेंटच्या, म्हणजे वकील म्हणून नोंदणीच्या खर्चाची धास्ती नको, २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ओपनला ७५० रुपयांच्या वर फी घेता येत नाही. त्यानंतर २ वर्षांत बारची परीक्षा पास व्हायची. इंडेक्स २, सातबारा, फेरफार, ३० वर्षांचा सर्च ही प्रॉपर्टीच्या मालकीची कागदपत्रं तुम्ही रोज हाताळता, नवीन पोरांना ते शिकायलाच २ वर्षं जातात, तेव्हा कल्पना चांगलीच आहे.

फक्त ग्रॅज्युएशनचं मार्कशीट काढून बघा. ओपनला ४५ टक्के लागतात आणि तुमचे किती ते पत्रात लिहिलेलं नाही.