वाडीची शाळा की गावची?

प्रश्न : बाई, आम्ही पाटण तालुक्यात डोंगरावरच्या वाडीत राहतो. धाकटी जूनमध्ये पहिलीत जाईल. वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे. दोन गुरुजी, पट 23. अडीच किलोमीटर खाली गावात सातवीपर्यंतची मोठी शाळा. तिथं सेमी इंग्रजी आहे, भिंती रंगवल्यात, टीव्हीवर शिकवतात. जाऊबाईंची मुलं तिकडंच जातात. वाडीत दोन-दोन वर्ग एकत्र बसतात, म्हणून मन धजत नाही. कुठं घालू?

उत्तर : भिंतींचं आधी सांगते, कारण तसल्या भिंती मीही रंगवून घेतल्यात. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे त्या भागातल्या गटातल्या, शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जायचे, तशी मीही गेले. परत येऊन फरशीवर अंक, अक्षरं सगळं काढून घेतलं. कुमठ्यात मुलं त्या फरशीवर बसून गणितं करत होती. आमच्याकडं रंग जाऊ नये म्हणून त्यावर सतरंजी! त्या वर्षी दुसरीतल्या तीन मुलांना धड वाचता येत नव्हतं, आणि ते मला दिवाळीनंतर कळलं.

तेव्हा ताई, एखाद्या साध्या बुधवारी दोन्ही शाळांत जा. गुरुजींना विचारून दुसरीतल्या मागं बसणाऱ्या मुलाच्या हातात पहिलीचं पुस्तक द्या. पान तुम्ही उघडा. बोट एका ओळीवर आणि तोंडातली कविता दोन ओळी पुढं गेली, तर ते पाठांतर.

दोन वर्ग एकत्र बसण्याला भिऊ नका. पहिलीतलं पोर दुसरीचं ऐकून ऐकून निम्मं शिकतं. शिवाय साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हा आरटीईचाच, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचाच, हिशेब आहे. माझी काळजी वेगळी. एक गुरुजी बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले, की चारही वर्ग एकावर. गेल्या महिन्यात दोघं किती दिवस हजर होते, ते शेजारच्या मुलांना विचारा. ती खरं सांगतात. मोठ्या शाळेत एखादा शिक्षक नसला तरी निभतं, हे मान्य.

पण अडीच जाऊन अडीच येऊन रोजचे पाच किलोमीटर, सहा वर्षांच्या पायांनी? शाळा उघडते जूनच्या मध्याला, म्हणजे तुमच्याकडच्या पावसाबरोबरच. वाटेत ओढा आहे का? जाऊबाईंना विचारा, जुलैत किती दिवस मुलं घरी राहिली. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं नियमात आहे, ते उगाच नाही.

सेमी म्हणजे गणित, आणि पुढं विज्ञान, इंग्रजीतून. मला त्याची पहिलीत घाई वाटत नाही.

वाडीतली दुसरीची मुलं वाचत असतील, तर चौथीपर्यंत तिथंच ठेवा. पाचवीला खाली जाईलच. नवोदयची परीक्षा त्याच वर्षी येते, शिष्यवृत्तीची आता चौथीत. वाचत नसतील, तर नाव तिथंच घालून शाळा व्यवस्थापन समितीत शिरा. तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात, निम्म्या बायका. दिवाळीपर्यंत फरक दिसला नाही, तर खुशाल दाखला काढा. पट एकानं घटेल, हे ओझं लेकीच्या दप्तरात टाकू नका.

आणि बघायला जाल तेव्हा तिलाही न्या, खिचडीच्या सुट्टीच्या जरा आधी. कुणाच्या शेजारी जाऊन बसते ते बघा.