देशात पहिल्यांदाच दिसलेला फुलकिडा : यात करिअर होईल का?

प्रश्न : मी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी गोळा केलेल्या फुलकिड्यांपैकी (थ्रिप्स, म्हणजे फुला-पानांवरचे बारीक किडे) एक जात देशाच्या प्रसिद्ध झालेल्या याद्यांत सापडत नाही. ही नवी नोंद ठरली तर मला या क्षेत्रात पुढे जाता येईल का? घरचे म्हणतात, एवढ्याशा किड्यापायी वर्षं घालवू नकोस.

उत्तर : याद्या धुंडाळण्याचे कष्ट तू आपणहून घेतलेस, हे फार चांगलं केलंस. पण यादीत नाव नसणं ही अजून फक्त शंका आहे. त्या शंकेची खात्री करून देणं, हेच या क्षेत्रातलं खरं काम.

जात ओळखताना रंगावर जाऊ नकोस, एकाच जातीत फिकट आणि गडद माद्या असू शकतात. स्लाइड नीट झाली पाहिजे. कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात शरीरातला मऊ भाग विरघळवायचा, चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नमुन्यातलं पाणी काढायचं आणि लवंगतेलातून नेऊन पंख व शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) पसरून तो कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत बसवायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली बघ : शृंगिकेचे खंड सात की आठ? तिसऱ्या-चौथ्या खंडांवरचे संवेदी शंकू (शंकूसारखे बारीक संवेदनाअवयव) साधे की दुभंगलेले? पुढच्या पंखाच्या शिरेवरची केसांची ओळ सलग की तुटक? आठव्या उदरखंडाच्या मागच्या कडेचा बारीक केसांचा कंगवा पूर्ण आहे का? एक-दोन मिलिमीटरच्या जिवात हे सगळं शोधायला हात बसावा लागतो, आणि असा हात बसलेली माणसं फार थोडी आहेत.

डीएनए बारकोड (डीएनएच्या छोट्या तुकड्यावरून जात ओळखणं) जरूर कर, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नकोस. ज्यांच्याशी तुलना करायची त्या सार्वजनिक साठ्यांत चुकीच्या नावाने ठेवलेले डीएनए-क्रमही असतात. आणखी एक : प्रौढ फुलकिडे वाऱ्याबरोबर कुठल्याही फुलावर येऊन बसतात. त्याच झाडावर अळ्या सापडल्या, तर ती जात तिथे वाढते आहे असं म्हणायला आधार मिळतो.

घरच्यांना हे उदाहरण सांग. थ्रिप्स पार्व्हिस्पिनस या जातीची भारतातली पहिली नोंद 2015 मध्ये बंगळुरूच्या पपईवरून झाली. 2021 मध्ये याच किडीने आंध्र प्रदेश आणि तेलंगणातल्या मिरचीचं प्रचंड नुकसान केलं. काही जाती तर अळी असताना विषाणू घेतात आणि प्रौढ झाल्यावर तो पसरवतात. म्हणून वनस्पती विलगीकरण केंद्रं (आयात-निर्यातीच्या मालातली कीड-रोग तपासणारी), रोगकीड निदान प्रयोगशाळा, कृषी विद्यापीठं आणि संग्रहालयं यांना ओळख पटवणारा माणूस लागतो.

निव्वळ वर्गीकरणाच्या जागा मात्र कमी असतात, हे स्पष्टच सांगते. त्यामुळे जोडीला रेण्वीय (डीएनएवर आधारित) निदान किंवा विषाणुवाहक किडींचा अभ्यास घे. तेवढ्याने दारं बरीच वाढतात.

आत्ता कुठेही जाहीर करू नकोस. मार्गदर्शकांच्या मदतीने स्लाइड एखाद्या फुलकिडेतज्ज्ञाकडून तपासून घे. जात पक्की झाली की शोधनिबंधाच्या आधी देशाच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेला कळव, कारण अशा नोंदीचा शेतमालाच्या निर्यातीवर परिणाम होऊ शकतो. स्लाइड राष्ट्रीय संग्रहात जमा कर, आणि लेबलवर ठिकाण, तारीख, यजमान वनस्पती (कीड ज्या झाडावर सापडली ते) व गोळा करणारीचं नाव आजच लिही.