पायथॉन शंका-समाधान: पडद्यावर दिसतं एक, आत असतं दुसरंच

या वेळचे बहुतेक प्रश्न पायथॉन नव्याने शिकणाऱ्यांचे आहेत. उत्तरांत आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना मात्र त्यांचं नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी अंकच वापरा. प्रश्न पाठवताना एररची शेवटची ओळ जशीच्या तशी लिहून पाठवा. चूक कोणत्या प्रकारची आणि का झाली, ते त्याच ओळीत असतं; वरच्या ओळी फक्त ती चूक कुठे घडली ते सांगतात.

प्रश्न: दोन विषयांचे गुण विचारून बेरीज केली. ४५ आणि ३८ दिले तर ८३ ऐवजी ४५३८ येतं. सरासरीसाठी दोनने भागलं तर टाइपएरर येतो. सूत्र तर बरोबर आहे. (बी.सी.ए. प्रथम वर्ष, सातारा)

सूत्र बरोबरच आहे. पण 'इनपुट' नेहमी स्ट्रिंग देतं, म्हणजे मजकूर. तुम्ही अंक टाइप केलेत तरी पायथॉनच्या हाती '४' आणि '५' ही दोन अक्षरं येतात. दोन मजकुरांमध्ये अधिकचं चिन्ह आलं की ते एकापुढे एक जोडले जातात, म्हणून ४५३८. मजकुराला दोनने भागण्याला काही अर्थच नाही, म्हणून तिथे टाइपएरर. शंका आली की प्रिंट(टाइप(गुण)) करून पाहा. 'एसटीआर' छापलं गेलं तर तो मजकूर आहे.

उपाय म्हणजे घेतानाच 'इंट'मध्ये, म्हणजे मजकुराची पूर्ण संख्या करणाऱ्या आज्ञेत, गुंडाळणं. पण वापरणाऱ्याने ३८.५ लिहिलं, १,२५० असा स्वल्पविराम दिला किंवा नुसतं एंटर दाबलं, की 'इंट' व्हॅल्यूएरर देतं. अर्धे गुण चालणार असतील तर 'फ्लोट' वापरा. स्वल्पविराम आधी 'रिप्लेस'ने काढून टाका. मागेपुढे राहिलेली मोकळी जागा मात्र 'इंट' स्वतःच दुर्लक्षित करतं. चुकीचं लिहिलं तर पुन्हा विचारायचं असेल तर असं लिहा:

व्हाइल ट्रू:
    ट्राय:
        गुण = इंट(इनपुट("गुण: "))
        ब्रेक
    एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
        प्रिंट("पूर्ण संख्या लिहा")

'एक्सेप्ट'च्या पुढचं व्हॅल्यूएरर गाळू नका. ते गाळलं तर कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम थांबवण्याचा प्रयत्नही तिथेच अडवला जातो आणि लूपमधून बाहेर पडता येत नाही.

वापरणाऱ्याने मराठी कीबोर्डवरून ४५ लिहिलं तरी 'इंट' ते नीट ओळखतं, ही पायथॉन ३ ची मराठी माणसाच्या फार कामाची सोय आहे. 'गुण' हे व्हेरिएबलचं नावही देवनागरीत ठेवता येतं. फक्त प्रोग्रॅमच्या ओळीत थेट देवनागरी आकडा लिहिला तर सिंटॅक्सएरर येतो.

प्रश्न: गुणांच्या लिस्टमधून ३५ पेक्षा कमी गुण काढायचे होते. 'फॉर' लूपमध्ये 'रिमूव्ह' वापरलं. [२०, २५, ६०, ३०, ८०] मधून [२५, ६०, ८०] उरलं. २५ कसे राहिले? (बारावी, लातूर)

लूप लिस्टमध्ये पुढे जातो तो जागेच्या क्रमांकाने: ०, १, २. शून्याव्या जागेवरचे २० काढले की बाकीचे सगळे एकेक घर मागे सरकतात आणि २५ शून्याव्या जागेवर येतात. लूप मात्र आता पहिल्या जागेकडे जातो. तिथे ६० आहेत. २५ तपासलेच गेले नाहीत. नापास होणारे गुण लागोपाठ आले की प्रत्येक वेळी हेच होणार, आणि एरर येत नसल्याने चूक पटकन लक्षातही येत नाही. ज्या लिस्टवरून लूप चालला आहे, तिच्यातून काहीही काढू नका. हवे ते घेऊन नवी लिस्ट करा:

उत्तीर्ण = [ग फॉर ग इन गुण इफ ग >= ३५]

याच्याच जोडीची एक चूक सांगून ठेवतो. 'जुनी = गुण' लिहिल्याने लिस्टची प्रत होत नाही, त्याच लिस्टला दुसरं नाव मिळतं. एकीत बदल केला की दुसरीही बदललेली दिसते. प्रत हवी असेल तर गुण.कॉपी() लिहा.

प्रश्न: 'रँडम' शिकताना फाइलला तेच नाव दिलं. आता 'रँडइंट' सापडत नाही असा ॲट्रिब्यूटएरर येतो. (डिप्लोमा, नाशिक)

प्रोग्रॅमची फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे, तिथे पायथॉन आधी शोधतं. तिथे तुमचीच फाइल त्याला सापडते आणि खरं मॉड्यूल (पायथॉनसोबत आलेली तयार आज्ञांची फाइल) बाजूलाच राहतं. फाइलचं नाव बदला, बस्स. 'टर्टल', 'पांडाज', 'ईमेल' ही नावंही फाइलला देऊ नका.

पिपने (पॅकेज बसवणारी पायथॉनची आज्ञा) पॅकेज बसवूनही मॉड्यूलनॉटफाउंडएरर येत असेल तर बहुधा संगणकावर दोन पायथॉन आहेत आणि पॅकेज भलत्याच पायथॉनमध्ये गेलं आहे. नुसतं 'पिप इन्स्टॉल' न लिहिता 'पायथॉन -एम पिप इन्स्टॉल' लिहा. विंडोजवर 'पाय -एम पिप इन्स्टॉल'. प्रोग्रॅम नेमका कोणत्या पायथॉनवर चालतो ते प्रिंट(सिस.एक्झिक्यूटेबल) सांगतं, त्याआधी 'सिस' इम्पोर्ट करायला विसरू नका.

प्रश्न: विद्यार्थ्यांची यादी सीएसव्ही फाइलमध्ये लिहिते. नोटपॅडमध्ये मराठी नावं नीट दिसतात, एक्सेलमध्ये टोपीवाली विचित्र अक्षरं येतात. दर ओळीनंतर एक कोरी ओळही येते. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर तर फाइल लिहितानाच युनिकोडएन्कोडएरर येतो. (जिल्हा परिषद शाळा, चंद्रपूर)

या तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत, पण तिन्ही 'ओपन'च्या एकाच ओळीत सुटतात.

तुमची फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, आहे. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. फाइल यूटीएफ-८ आहे हे एक्सेलला कळलं नाही तर ते विंडोजच्या जुन्या एका-बाइटच्या तक्त्याने वाचतं आणि एका चिन्हाच्या जागी तीन भलतीच अक्षरं दाखवतं. नावं बिघडलेली नसतात, वाचणारा चुकतो. अशी फाइल एक्सेलमधून सेव्ह मात्र करू नका. मग खरोखरच बिघडते.

सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर उलटं घडतं. 'ओपन'ला एन्कोडिंग सांगितलं नाही तर विंडोजवर पायथॉन बहुधा तोच जुना तक्ता घेतं. त्यात देवनागरी नाहीच, म्हणून लिहितानाच अडतं. कोऱ्या ओळींचं कारण आणखी वेगळं आहे: ओळ संपल्याची खूण सीएसव्ही मॉड्यूल स्वतः लिहितं आणि विंडोजवर फाइल तीत आणखी भर घालते.

ओपन("यादी.सीएसव्ही", "डब्ल्यू", एन्कोडिंग="यूटीएफ-८-सिग", न्यूलाइन="")

'सिग'मुळे फाइलच्या सुरुवातीला तीन बाइटची खूण पडते आणि एक्सेल ती ओळखतं. हीच फाइल पुन्हा वाचताना नुसतं 'यूटीएफ-८' लिहाल तर ती खूण पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटते. मग 'नाव' समोर दिसत असूनही कीएरर येतो. वाचतानाही 'यूटीएफ-८-सिग'च लिहा. खूण नसलेली फाइलसुद्धा त्याने नीट वाचता येते.

जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर एन्कोडिंग बदलून काहीही होणार नाही. तिथे आत इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या.

प्रश्न: शब्द उलटसुलट सारखा आहे का ते तपासतो. 'कनक'ला हो म्हणतो, 'नवीन' आणि 'रामाला भाला मारा'ला नाही. शिवाय यादीत 'दुसऱ्या' शोधलं तर काही ओळी सापडतात, काही नाहीत. (बंगळूरु)

आपण अक्षरं मोजतो, पायथॉन चिन्हं मोजतं. 'नवीन' म्हणजे आपल्यासाठी न, वी, न. पायथॉनसाठी न, व, वेलांटी, न. उलटलं की वेलांटी न ला चिकटते आणि 'नीवन' होतं. 'कनक'मध्ये काना-मात्रा नाहीत म्हणून तो सुटला.

आधी अक्षरांचे गट करा आणि मग गटांची लिस्ट उलटा. स्ट्रिंगमधलं एकेक चिन्ह घ्या. युनिकोडडेटा.कॅटेगरी() चं उत्तर 'एम'ने सुरू होत असेल तर ते काना, मात्रा, अनुस्वार किंवा हलन्त आहे. ते आधीच्या गटाला जोडा. आधीचा गट हलन्ताने संपत असेल तरीही नवं चिन्ह त्यालाच जोडा, म्हणजे 'क्ष', 'त्र' ही जोडाक्षरं फुटणार नाहीत. बाकी प्रत्येक चिन्हाचा नवा गट. मोकळ्या जागा आधी काढल्या की 'रामाला भाला मारा'चे सात गट होतात आणि उत्तर 'हो' येतं. 'चिमा काय कामाची'ला मात्र 'नाही'च येईल, कारण एका टोकाला 'चि' ऱ्हस्व आणि दुसऱ्या टोकाला 'ची' दीर्घ. तिथे प्रोग्रॅम चुकलेला नाही. सूट द्यायची असेल तर तपासण्याआधी दोन्ही वेलांट्या एक करा.

'दुसऱ्या'चा घोळ खास मराठी आहे. हा शब्द तीन प्रकारे टाइप होतो: ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशा दोन चिन्हांनी, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण तुलनेत एकमेकांशी जुळत नाहीत. प्रिंट(एस्की(शब्द)) करा, आतले क्रमांक दिसतील. पहिले दोन प्रकार युनिकोडडेटा.नॉर्मलाइझ("एनएफसी", शब्द) ने एक होतात. तिसरा त्याने होत नाही. त्यासाठी र, हलन्त आणि जोडक (क्रमांक २००डी) ही तिकडी 'रिप्लेस'ने ऱ आणि हलन्त अशी बदला. यादी आणि शोधायचा शब्द, दोन्हींवर हे करा. गट पाडण्याच्या आधीही करा, नाहीतर जोडकापाशी 'ऱ्या' तुटेल.