जुनी रायफल, नवी दुर्बीण

वाचक विचारतात

प्रश्न : मी विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनजवळ राहतो आणि माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. यंदा सहकाऱ्यांबरोबर नोव्हेंबरच्या हंगामात हरणाच्या शिकारीला जाण्याचा बेत आहे. मिनेसोटात राहणारे एक परिचित गृहस्थ त्यांची १९८० च्या दशकातील रेमिंग्टन ७०० ही .३०-०६ काडतुसाची रायफल विकत आहेत. तिच्यावरची दुर्बीण धूसर झाली आहे, तेव्हा ती काढून नवी बसवावी असे मनात आहे. रायफल घेताना काय पाहावे? दुर्बीण घरच्या घरी बसवता येईल का?

उत्तर : भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाल्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांना ही विद्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून मिळालेली नसते. त्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

कायद्याचा भाग आधी उरकून घेऊ. विकणारा आणि घेणारा वेगवेगळ्या राज्यांचे रहिवासी असतील, तर संघराज्याच्या कायद्यानुसार त्यांना आपसांत हातोहात व्यवहार करता येत नाही. आपल्या परिचितांनी रायफल परवानाधारक विक्रेत्याच्या स्वाधीन करावी, आपण त्याच्या दुकानात ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा आणि पार्श्वभूमीची तपासणी झाल्यावर रायफल ताब्यात घ्यावी. दुकानदार त्यासाठी थोडे शुल्क घेतो. ग्रीन कार्डधारकाला रायफल घेण्यास संघराज्याच्या कायद्याची आडकाठी नाही. याशिवाय, आपला जन्म १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर झाला असेल, तर विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचा परवाना काढण्यासाठी साधारणपणे शिकारी प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि प्रशिक्षणाचे वर्ग त्याच्या बऱ्याच आधी भरून जातात. म्हणून रायफलीच्या आधी प्रशिक्षणाची नोंदणी करावी.

आता रायफलीकडे वळू. ती हातात आल्यावर पहिली गोष्ट म्हणजे बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागे ओढून आत काडतूस नाही याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करणे. विकणाऱ्याने ‘रिकामीच आहे’ असे सांगितले तरीही. त्यानंतर बोल्ट पूर्ण बाहेर काढून मागच्या बाजूने नळीतून उजेडाकडे पाहावे. आतले पिळाचे आटे धारदार आणि चकचकीत दिसले पाहिजेत. काळे ठिपके किंवा खड्डे दिसले, तर गंज धातूत उतरला आहे आणि तो कोणत्याही द्रावणाने जाणार नाही. नुसती नळी चकाकते म्हणून मात्र भुलू नये. तांबे विरघळवणारे द्रावण लावलेला कापडाचा तुकडा नळीतून फिरवून थोड्या वेळाने दुसरा कोरडा तुकडा काढला आणि तो निळसर-हिरवा निघाला, तर गोळ्यांच्या वेष्टनाचे तांबे नळीत साठले आहे. हा दोष नव्हे. साफसफाईने ते तांबे जाते. पण रायफलीची निगा कशी राखली गेली आहे याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

नळीच्या तोंडाची कड, जिथून गोळी बाहेर पडते, ती सर्वांत नाजूक असते. कान साफ करण्याचा कापसाचा बोळा त्या कडेवरून हळूच गोल फिरवावा. कापसाचे तंतू कुठे अडकले, तर तिथे टवका उडाला आहे असे समजावे. गनस्मिथ (बंदुका दुरुस्त करणारा कारागीर) ती कड पुन्हा कापून देतो, परंतु किंमत ठरवताना त्याचा खर्च धरावा. लाकडी दस्ता असेल तर बोल्टच्या मागे, जिथे लाकूड सर्वांत बारीक असते आणि प्रत्येक गोळीचा धक्का बसतो, तिथे केसासारखी चीर आहे का हे तिरप्या उजेडात पाहावे. स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील, तर कोणीतरी चुकीच्या पेचकसाने आत हात घातला आहे हे उघडच दिसते. आणि नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव स्वतः वाचावे. तोंडी सांगण्यावर विसंबू नये.

या विशिष्ट बनावटीच्या बाबतीत चापाविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. रेमिंग्टन ७०० ही १९६२ साली बाजारात आली आणि तिच्या जुन्या चापाच्या रचनेबद्दल, चाप न ओढता रायफल सुटल्याच्या तक्रारींवरून, अनेक वर्षे न्यायालयीन वाद चालले. पुढे २००६ नंतर बसवलेल्या नव्या चापांमध्येही दोष आढळल्यामुळे कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये ते परत मागवले. न्यायालयीन वादात झालेल्या तडजोडीनुसार चाप मोफत बदलून देण्याची मुदत आता संपली आहे आणि मूळ कंपनीही २०२० मध्ये दिवाळखोरीत निघून तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. आपली रायफल १९८० च्या दशकातील, म्हणजे जुन्या रचनेची असणार. रिकाम्या रायफलीवर पुढील चाचणी करावी : बोल्ट बंद करून सुरक्षेचा खटका लावावा, चाप जोरात ओढून सोडावा आणि मग चापाला हात न लावता खटका काढावा. या वेळी आतली पिन ‘टक’ असा आवाज करून पुढे गेली, तर रायफल त्या अवस्थेत वापरूच नये. चाचणी निर्वेध झाली तरी आमचे मत असे आहे की, या काळातल्या रायफलीचा चाप गनस्मिथकडून बदलून घ्यावा आणि तो खर्च किमतीतून वळता करून मागावा. विकणाऱ्याला रायफलीची माहिती असेल, तर तो यावर हुज्जत घालणार नाही. त्याच भेटीत काडतूस बसण्याच्या जागेची खोली मापकाने तपासून घ्यावी. जुन्या रायफलीत ते काम डोळ्यांनी होण्यासारखे नाही.

दुर्बिणीच्या निवडीत फार खोलात जाण्याचे कारण नाही. तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी, पुढची काच ४० मिलिमीटरची असलेली दुर्बीण हरणाच्या शिकारीला पुरेशी होते. पुष्कळांना ५० मिलिमीटरच्या काचेचा मोह पडतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला तिच्यातून जास्त उजेड मिळतो असे दुकानात सांगितले जाते. हिशेब करून पाहावा. काचेच्या व्यासाला पटींनी भागले म्हणजे डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास मिळतो. ४० ला ५ ने भागले तर ८ मिलिमीटर येतात, आणि माणसाची बाहुली अंधारातही साधारण ७ मिलिमीटरपलीकडे उघडत नाही, वयाबरोबर तर आणखी कमी. म्हणजे झुंजुमुंजू असताना पट कमी ठेवले की ४० ची काच डोळ्याला जेवढा प्रकाश घेता येईल तेवढा देतेच. उलट मोठ्या काचेसाठी रिंगा (दुर्बिणीला धरून ठेवणारी कडी) उंच लागतात, गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि नेम बिघडतो. त्यापेक्षा काचेचा दर्जा आणि पाणी-धुके आत न शिरण्याची हमी यांवर पैसे खर्चावेत.

आपली मूळ अडचण मात्र पुढे आहे. रायफल चांगली, दुर्बीण चांगली, आणि तरीही गोळ्या इकडे-तिकडे जात असतील, तर बहुतेक वेळा त्या दोघींमधला जोड ढिला किंवा चुकीचा असतो. जुनी दुर्बीण काढली की तिच्या रिंगा आणि बेस (रिंगांखालचे, रायफलीवर स्क्रूंनी बसवलेले तुकडे) हेही काढावेत. चाळीस वर्षांपूर्वी कोणी कसे बसवले हे आपल्याला माहीत नाही आणि नव्या बेसना फार पैसे पडत नाहीत. बेस घेताना ‘लाँग अ‍ॅक्शन’चे मागावेत, कारण .३०-०६ हे .३०८ पेक्षा लांब काडतूस आहे आणि त्यामुळे रायफलीचा मधला भागही लांब आहे. रिंगांचा व्यास दुर्बिणीच्या नळीशी जुळला पाहिजे, एक इंच किंवा ३० मिलिमीटर. यात जवळपास चालत नाही.

रेमिंग्टन ७०० मध्ये या मधल्या भागाची मागची बाजू पुढच्या बाजूपेक्षा खाली असते, म्हणून दोन तुकड्यांच्या बेसमध्ये पुढचा आणि मागचा तुकडा वेगळ्या उंचीचा येतो. ते उलटे बसवले तर दुर्बीण तिरकी राहते आणि नेम जुळवण्यासाठीच्या तिच्या फिरत्या चकत्या टोकाला गेल्या तरी नेम जुळत नाही. स्क्रूही लांबीने वेगवेगळे असतात. पुढच्या बेसचा एखादा स्क्रू लांब निघाला, तर बोल्ट बंद होताना अडतो. म्हणून बेस बसवल्यावर बोल्ट सरकवून पाहावा. स्क्रूंवरचे आणि छिद्रांतले तेल पुसून टाकावे, बेसच्या स्क्रूंना निळ्या रंगाच्या, पुन्हा उघडता येणाऱ्या चिकट द्रवाचा एक थेंब लावावा, आणि आवळण्याचे काम इंच-पौंड दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने (किती जोर लावला हे मोजणाऱ्या पान्याने) करावे. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना सामान्यतः १५ ते १८ इंच-पौंड पुरतात; उत्पादकाने वेगळा आकडा दिला असेल तर तोच प्रमाण मानावा. हाताच्या अंदाजाने आवळणारा मनुष्य जवळपास नेहमीच जास्त आवळतो, आणि मग दुर्बिणीच्या नळीवर कायमचा वळ उठतो.

शेवटचे आवळण्यापूर्वी दुर्बीण पुढे-मागे सरकवून डोळ्यापासूनचे अंतर ठरवावे. ते साडेतीन इंचांच्या आसपास असते. हे काम दिवाणखान्यात टी-शर्टवर करू नये. नोव्हेंबरातील विस्कॉन्सिनमध्ये जे जाड जाकीट घालणार आहात ते घालावे, दुर्बीण सर्वाधिक पटीवर ठेवावी, डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. मान न हलवता पूर्ण वर्तुळ स्वच्छ दिसले पाहिजे, कडेला काळी सावली नको. अंतर कमी ठेवले, तर .३०-०६ चा धक्का दुर्बिणीची कड थेट भुवईवर आणून आदळतो आणि तिथे चंद्रकोरीच्या आकाराची जखम होते. अनेक शिकाऱ्यांच्या कपाळावर ती खूण पाहायला मिळते. नंतर रायफल पातळीत धरून आतली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवावी आणि रिंगांचे स्क्रू आलटून-पालटून थोडे-थोडे आवळावेत. तेव्हा होय, हे काम घरी होते, पण टॉर्क पाना नसेल तर नाही.

प्रश्न : मी टेक्ससमध्ये एच-१बी व्हिसावर आहे. रायफल विकत घेता येते का, याबद्दल मित्रांमध्ये मतभेद आहेत.

उत्तर : संघराज्याचा कायदा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्यांना बंदूक घेण्यास आणि बाळगण्यास सरसकट मनाई करतो, आणि त्याला जे अपवाद आहेत त्यांतला आपल्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतील राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. आधी परवाना, मग रायफल, हा क्रम आपल्या बाबतीत मोडता येत नाही. ४४७३ च्या अर्जात याबद्दल थेट प्रश्न असतो आणि त्यावर चुकीचे उत्तर देणे हा गुन्हा आहे. परवान्याची मुदत संपली, तर घरातल्या कपाटात ठेवलेली रायफलही अडचणीची ठरू शकते. म्हणून दर वर्षी तो वेळेवर नव्याने काढावा. आपल्या व्हिसाचे प्रकरण प्रलंबित असेल, तर खरेदीपूर्वी वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे. भारतात परतताना रायफल सामानातून नेता येईल असे मनातही आणू नये. ती इथेच विक्रेत्यामार्फत विकावी.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियातील आमचे वयस्कर शेजारी त्यांची १९५० च्या दशकातील विंचेस्टर ९४ मला देऊ इच्छितात. तिच्यावर दुर्बीण बसवता येईल का?

उत्तर : बसवू नये. या रायफलीतून रिकामे काडतूस सरळ वरच्या बाजूला उडते, त्यामुळे मधोमध बसवलेली दुर्बीण त्याच्या वाटेत येते. काडतूस बाजूला फेकणारी सुधारित रचना १९८२ मध्ये आली. बाजूला सरकवलेले माउंट (दुर्बीण बसवण्याचे जोड) मिळतात, पण ते बसवण्यासाठी धातूत छिद्रे पाडावी लागतात, आणि १९६४ पूर्वीच्या विंचेस्टरला संग्राहकांकडून जी किंमत मिळते ती एका छिद्राने घसरते. या रायफलीच्या .३०-३० काडतुसाने झाडीत जवळच्या अंतरावरच शिकार करायची असते. तेवढ्यासाठी तिच्यावरचा मूळचा लोखंडी नेम पुरेसा आहे.

प्रश्न : दुर्बीण नीट बसवली आहे, पण १०० यार्डांवर गोळी कागदालाच लागत नाही. १० काडतुसे वाया गेली. दुर्बीण सदोष असेल का?

उत्तर : बहुधा नाही. थेट १०० यार्डांपासून सुरुवात करण्याची ही सर्रास आढळणारी खोड आहे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर घट्ट टेकवून बोल्ट काढावा आणि नळीतून २५ यार्डांवरचे लक्ष्य मधोमध दिसेल असे करावे. मग रायफल न हलवता दुर्बिणीतील फुली त्याच लक्ष्यावर आणावी. आता बोल्ट बसवून २५ यार्डांवर एक गोळी झाडावी, ती कागदावर नक्की दिसेल.

बहुतेक दुर्बिणींच्या चकतीचा एक क्लिक (फिरवताना होणारी एक ‘टक’) १०० यार्डांवर गोळीला पाव इंच सरकवतो. २५ यार्डांवर तोच क्लिक इंचाचा सोळावा भाग सरकवतो. गोळी दोन इंच डावीकडे लागली असेल, तर २५ यार्डांवर ३२ क्लिक उजवीकडे लागतील. पुष्कळ जण इथे ८ क्लिक फिरवतात आणि दुर्बिणीला दोष देतात. चकतीवरचा बाण गोळी कुठे जाईल ते दाखवतो, फुली कुठे जाईल ते नव्हे. जुळले की १०० यार्डांवर जावे आणि तीन-तीन गोळ्यांच्या गटावरून, प्रत्येक गटानंतर नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबून, बदल करावा. एकाच गोळीवरून चकती फिरवू नये. .३०-०६ साठी १०० यार्डांवर दीड ते दोन इंच वर ठेवले, तर २०० यार्डांपर्यंत नेम धरताना वर-खाली करण्याची फारशी गरज पडत नाही. ज्या बनावटीच्या आणि वजनाच्या काडतुसांनी नेम जुळवला, त्याच काडतुसांचे आणखी एक खोके तेव्हाच घेऊन ठेवावे, आणि गाडीतून दूरचा प्रवास केला असेल, तर जंगलात शिरण्याआधी थंड नळीतून एक गोळी कागदावर झाडून पाहावी.