आठ महिन्यांच्या आजारपणानंतर आई गेली, तेव्हापासून वाचनच होत नाही. तेच पान तीनतीनदा वाचते. पुन्हा सवय कशी लावू?

आठ महिने दवाखाना, जागरणं आणि शेवटी आई जाणं, एवढं झाल्यावर डोकं नवीन पात्रं आणि नावं धरून ठेवायला तयार नसतं. तुमची वाचनाची आवड गेलेली नाही, झोप आणि लक्ष यांची उधारी चुकती व्हायची आहे. म्हणून आधी पुस्तक बदला.

राहून गेलेली सहाशे पानी कादंबरी आत्ता काढू नका. पूर्वी वाचलेलं आणि आवडलेलं एखादं पुस्तक घ्या. पुढे काय होणार हे माहीत असल्यामुळे मध्येच लक्ष उडालं तरी धागा तुटत नाही. नाहीतर चारपाच पानांचे ललित लेख किंवा जुने दिवाळी अंक. ते रद्दीवाल्याकडेही मिळतात आणि त्यातला कंटाळवाणा लेख सोडल्याचं पाप लागत नाही. सांत्वनाला आलेली मंडळी सकारात्मक विचारांची पुस्तकं देऊन जातात, ती खुशाल कपाटात ठेवा.

तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं जातं त्याचं एक कारण म्हणजे डोळे नकळत मागच्या ओळींवर जातात. जुन्या लग्नपत्रिकेचा दोन बोटं रुंद पट्टा कापा आणि वाचून झालेल्या ओळींवर ठेवत खाली सरकवा. बहुतेक लोक तो ओळीच्या खाली धरतात, त्याने मागे जाणं थांबत नाही. तरीही अडलात तर तेवढा परिच्छेद मोठ्याने वाचा. चाळिशी उलटली असेल तर चष्म्याचा नंबर तपासून घ्या. आजारपणाच्या धावपळीत स्वतःचे डोळे दाखवायचे राहूनच जातात आणि दोष मनाला दिला जातो.

वेळ दहा मिनिटं, गजर लावून. सकाळच्या चहानंतर, खुर्चीत बसून, फोन दुसऱ्या खोलीत (म्हणजे गजर घड्याळाचाच). रात्री अंथरुणात नको. एकतर झोप लागते, नाहीतर अंधारात आठवणी सुरू होतात. गजर झाला की परिच्छेद अर्धा असला तरी थांबा. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं हा प्रश्नच उरत नाही. पहिले पंधरा दिवस वेळ वाढवू नका. रविवारी उत्साहाने दोन तास वाचलं की सोमवार हमखास बुडतो.

घरात आईची रिकामी खाट समोर दिसत असेल तर जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसा. बहुतेक ठिकाणी पुस्तक घरी न्यायचं असेल तरच अनामत आणि वर्गणी लागते. वर्तमानपत्रांच्या टेबलापाशी सहसा कुणी काही विचारत नाही.

महिनाभराने मोठं काही घ्यावंसं वाटलं तर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. १८९५ मध्ये नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि नंतरची काही वर्षं ताटातुटीत गेली. ते सगळं त्या इतक्या मिश्कीलपणे सांगतात की रडता रडता हसू येतं. प्रसंग सुटे असल्याने दहा मिनिटांच्या हिशोबातही बसतात.

मात्र वाचनच काय, जेवण, झोप, माणसं, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल तर ते पुस्तकाचं काम नाही. डॉक्टरांना भेटा किंवा १४४१६ वर फोन करा. ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी टेलिमानस सेवा मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.