‘लुकलुकमुक्त’ की ‘स्पंदनरहित’?

मिरजेच्या एका क्रीडा मंडळाच्या कार्यवाहांनी विचारले आहे की, दूरचित्रवाणीवर दाखवल्या जाणाऱ्या खो-खो सामन्यांच्या प्रकाशव्यवस्थेसाठी निविदेत ‘फ्लिकर-फ्री’ (दिव्याचे तेज भरभर चढत-उतरत नाही असा उजेड) ही अट मराठीत कशी लिहावी. मसुद्यात एकाने ‘लुकलुकमुक्त’ लिहिले आहे, तर दुसऱ्याने ‘झगमगाटरहित’.

माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. झगमगाट म्हणजे डोळे दिपवणारा उजेड. तो निराळाच दोष आहे आणि त्यासाठी अटही निराळी लागेल. ‘लुकलुक’ अर्थाच्या जवळ जातो, परंतु लुकलुकतो तो तारा, किंवा रात्री हरिपूरच्या घाटावरून कृष्णेपलीकडे दिसणारा एखाद्या वस्तीवरचा दिवा. त्या शब्दात दूरपणा आहे, लहानपणा आहे. मिणमिणणारा दिवा मंद असतो, फडफडणारी ज्योत तेल संपत आल्याचे सांगते. आपल्याकडचे वायरमन ‘लाइट डिम-फुल होतेय’ म्हणतात आणि या सर्वांत तोच प्रयोग मला नेमका वाटतो, कारण त्यात तेजाचा चढउतार सरळ सांगितलेला आहे. मात्र हे सगळे शब्द डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचे आहेत, आणि इथला दोष तर डोळ्यांना दिसतच नाही.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे तिच्यावर थेट चालणाऱ्या दिव्याचे तेज सेकंदाला १०० वेळा चढते आणि उतरते. सेकंदाला ५० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्राच्या वाट्याला बरोबर दोन चढउतार येतात, त्यामुळे चित्रे सारखी उजळतात. खांबाजवळ सूर मारणाऱ्या आक्रमकाचा हात संरक्षकाला लागला की नाही, हे संथगतीत दाखवायचे असते तेव्हा मात्र कॅमेरा सेकंदाला ३०० चित्रे टिपतो. एका चढउतारात तीन चित्रे येतात, काही उजळ, काही काळवंडलेली. तीच चित्रे सेकंदाला २५ या गतीने दाखवली की प्रेक्षकाला सेकंदाला आठ-नऊ वेळा धडधडणारा उजेड दिसतो. घरच्या जुन्या चोकच्या ट्यूबखाली मी मोबाइलवर संथगतीचे चित्रण करून पाहिले. डोळ्यांना अगदी शांत वाटणारी भिंत पडद्यावर एकसारखी उजळत आणि विझत होती.

या नियमित चढउताराला ‘स्पंदन’ हा शब्द चपखल बसतो. ‘कंप’ आणि त्यावरून ‘निष्कंप’ हे शब्द सुंदर आहेत, गाभाऱ्यातल्या समईला शोभतात. पण कंप जागचे हलणे सुचवतो आणि चित्रणाच्या संदर्भात वाचणाऱ्याला कॅमेराच हलतो आहे असे वाटेल. ‘मुक्त’पेक्षा ‘रहित’ बरा, कारण मुक्त म्हटले की आधी असलेल्या पीडेतून सुटका ध्वनित होते.

तरीही ‘स्पंदनरहित’ एवढ्यावर निविदेत थांबू नये. मैदानाचा एकच भाग तीन फेजवरच्या, म्हणजे चढउतार एकामागून एक येणाऱ्या तीन वीजतारांवरच्या, दिव्यांनी मिळून उजळला, तर एकाचा उतार दुसऱ्याच्या चढाने बराचसा भरून निघतो, एलईडीला स्थिर प्रवाह देणारा ड्रायव्हर असेल तर स्पंदन फारच थोडे उरते, पण उरते. म्हणून शीर्षकात ‘स्पंदनरहित प्रकाशव्यवस्था’ ठेवावे आणि खाली अट अशी लिहावी : ‘प्रकाशाच्या कमाल व किमान तेजातील फरकाला त्यांच्या बेरजेने भागून येणारे प्रमाण ठरवून दिलेल्या टक्क्यांच्या आत असावे.’ टक्क्यांचा आकडा प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीकडून लेखी घ्यावा.