दोनशे अर्ज करूनही उत्तर येत नाही, तेव्हा

“मॅडम, चार महिन्यांत दोनशेच्या वर अर्ज टाकले. दोन फोन आले, दोघांनीही ‘कळवतो’ म्हणून सांगितलं. त्रेचाळिशीत माणूस बाद होतो का?”

चाकण भागात इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात १८ वर्षं क्वालिटी विभागात काम केलेल्या आणि नोकरीच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचा हा प्रश्न. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कंपनीने उत्पादनाची एक लाइन बंद केली, त्यात त्यांची जागा गेली. त्याच व्यवसायात परत जायचं नाही, हे त्यांनी ठरवलेलं होतं. कुठे जायचं, ते मात्र ठरत नव्हतं.

वयाची अडचण असतेच. पण आधी अर्जांची यादी पाहिली. प्रोजेक्ट मॅनेजर, डेटा अ‍ॅनालिस्ट, ट्रेनिंग हेड, सप्लाय चेन, एका शाळेत प्रशासक, आणि सगळीकडे एकच रेझ्युमे. क्षेत्र नवं आणि कामही नवं. अशा अर्जात भरती करणाऱ्याला ओळखीचं काहीच सापडत नाही. मग १८ वर्षांचा अनुभव जमेला न धरता, जास्त पगार मागणारा नवशिका म्हणून तो अर्ज बाजूला पडतो. म्हणून पहिली अट ही ठेवली: एका वेळी एकच बदल. काम तेच ठेवून क्षेत्र बदलायचं, किंवा क्षेत्र तेच ठेवून काम.

त्यांनी क्वालिटी कायम ठेवली आणि वैद्यकीय उपकरणांचं क्षेत्र निवडलं. निवडीला कारण होतं. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली कमी जोखमीच्या ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाच्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून, जास्त जोखमीच्या ‘क’ आणि ‘ड’ वर्गाला १ ऑक्टोबर २०२३ पासून परवाना सक्तीचा झाला. परवाना आला की नोंदी, ऑडिट, पुरवठादारांची तपासणी हे सगळं आलं, आणि वाहन उद्योगातला क्वालिटीचा माणूस आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या दर्जा-मानकाच्या ऑडिटमध्ये वर्षानुवर्षं तेच करत असतो.

तरीही पहिल्या मुलाखतीत ते पडले. जोखमीच्या प्रश्नावर त्यांनी सवयीने आरपीएन सांगितला, म्हणजे दोषाची तीव्रता, तो घडण्याची शक्यता आणि तो तपासणीतून निसटण्याची शक्यता यांना दिलेल्या गुणांचा गुणाकार. वैद्यकीय उपकरणांत आयएसओ १४९७१ हे जोखीम हाताळण्याचं मानक चालतं. तिथे रुग्णाला होणारी इजा किती गंभीर आणि ती होण्याची शक्यता किती, एवढंच जोखमीच्या व्याख्येत येतं. दुसरा प्रश्न प्रोसेस व्हॅलिडेशनचा, म्हणजे उत्पादनाची प्रक्रिया भरवशाची आहे हे आधीच सिद्ध करण्याचा होता. निर्जंतुक पाकिटाचं सील प्रत्येक नगावर फोडून तपासता येत नाही. म्हणून यंत्र नीट बसवलंय का, ठरलेल्या मर्यादांच्या दोन्ही टोकांना नीट चालतं का आणि रोजच्या उत्पादनात तसंच टिकतं का, हे आधी सिद्ध करावं लागतं. याला तिथले लोक आयक्यू, ओक्यू, पीक्यू म्हणतात. यांनी पीपीएपीच्या, म्हणजे नवा सुटा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घेण्याच्या, फायली आयुष्यभर केल्या होत्या, त्यामागचा विचार तोच. फक्त त्या भाषेत सांगता आला नाही.

मग एक तक्ता केला. डावीकडे स्वतःचं काम, उजवीकडे नव्या क्षेत्रातलं त्याचं रूप: एट-डी (तक्रारीचं मूळ कारण शोधण्याची आठ पायऱ्यांची पद्धत) समोर ‘कापा’ (सीएपीए, म्हणजे दोष सुधारणं आणि पुन्हा होऊ न देणं), पीपीएपी समोर व्हॅलिडेशन, ट्रेसेबिलिटी (कुठला भाग कुठून आला याचा माग) समोर बॅच रेकॉर्ड. जिथे उजवी बाजू रिकामी राहिली, तेवढंच शिकायचं ठरलं. आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या दर्जा-मानकाचा पाच दिवसांचा लीड ऑडिटर कोर्स त्यांनी केला, तोही हा तक्ता झाल्यावर. कोर्सची प्रमाणपत्रं आधी गोळा करून मग दिशा शोधणारे बरेच जण भेटतात, त्यांचे पैसे बहुधा तिथेच जातात.

रेझ्युमे पाच पानांचा होता, दोन झाला. दोन रकान्यांची सजावट आणि तक्ते काढून टाकले, कारण अर्ज वाचणारी सॉफ्टवेअर त्यातला मजकूर अनेकदा सरमिसळ करतात. “ग्राहकांच्या तक्रारी हाताळल्या” या ओळीच्या जागी काय बिघडलं होतं, मूळ कारण काय निघालं, काय बदललं आणि नाकारलेल्या मालाचं प्रमाण कितीवरून कितीवर आलं, हे एका ओळीत आलं. दहावीचे गुण, छंद, वडिलांचं नाव गेलं. नोकरी डॉट कॉमवर नोटीस पिरियडचा रकाना जुनाच होता, तिथे ‘लगेच रुजू होऊ शकतो’ असं केलं. हा रकाना लावूनच भरतीवाले शोध घेतात.

सर्वात मोठं नुकसान मात्र वेगळ्याच गोष्टीने होत होतं. नोकरी गेल्याचं त्यांनी बायकोखेरीज कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यामागची लाज समजते, पण त्यापायी ओळखीची सगळी दारं आपणच बंद करतो. क्वालिटीच्या माणसाला उपयोगी पडतात ते कॅलिब्रेशन लॅबचे (मोजमापाची यंत्रं अचूक आहेत का ते तपासणारे) लोक, मोजमाप यंत्रांचे सर्व्हिस इंजिनिअर आणि ऑडिट करणारे सल्लागार. आठवड्याला चार-पाच कारखान्यांत जाणारी ही माणसं असतात, कुठे जागा रिकामी होणार हे त्यांना जाहिरातीआधी कळतं. त्यांना पाठवायचा निरोप आम्ही मिळून लिहिला: लाइन बंद झाल्याने मोकळा आहे, उपकरण कंपनीत पुरवठादार-क्वालिटीचं काम शोधतोय, अशा कंपनीत कुणी ओळखीचं असेल तर दहा मिनिटं बोलायला मिळेल का? ‘कुठेही चालेल’ असं लिहायचं नाही. त्याने समोरच्याला कोण आठवावं हेच कळत नाही. पुढे जी नोकरी लागली तिची खबर एका कॅलिब्रेशनवाल्याकडूनच आली.

मध्येच कुणा एजंटने ‘रजिस्ट्रेशन फी’ मागितली. नोकरीसाठी पैसे मागणारा फोन तिथेच ठेवायचा. पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची.

घाई कमी झाली ती हिशोब मांडल्यावर. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ४०,००० होता. ग्रॅच्युइटी म्हणजे ४०,००० ला १५ ने गुणून २६ ने भागायचं आणि आलेल्या आकड्याला १८ वर्षांनी गुणायचं, साधारण ४ लाख १५ हजार. घरखर्च आणि हप्ता मिळून महिन्याला ६२,०००. म्हणजे पीएफला हात न लावता साडेसहा महिने निघत होते. ‘आता कुठलीही घेतो’ हे वाक्य त्या दिवसापासून थांबलं. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, हेही तेव्हाच लक्षात आलं. नोकरीत असतानाच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागितलं असतं तर आधी काढलेला प्रतीक्षाकाळ (जुन्या आजारांना विमा लागू होण्याआधी थांबायचा काळ) मोजला गेला असता. त्यांना नवी पॉलिसी घ्यावी लागली.

मुलाखतीत ‘नोकरी का सुटली’ याचं उत्तर दोन वाक्यांचं ठेवलं: लाइन बंद झाली, माझी जागा त्यात होती. जुन्या कंपनीला नावं नाहीत, सफाई नाही. ‘वयाने लहान बॉस चालेल का’ यावर ‘हो’ एवढंच म्हणून भागत नाही. कुठल्या ऑडिटमध्ये तरुण लीड ऑडिटरच्या हाताखाली काम केलं, ते त्यांनी सांगितलं. पगार आधीपेक्षा थोडा कमी मिळाला. त्यावर वाद न घालता त्यांनी वर्षाने आढावा होईल असं ऑफर लेटरमध्ये लिहून घेतलं.

रुजू झाल्यावर जुना पीएफ नव्या कंपनीकडे वर्ग करायचा होता आणि अर्ज पुढे सरकेना. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरली नव्हती. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटले की सभासदाला ती पोर्टलवर स्वतः भरता येते. ती भरली आणि अर्ज पुढे गेला.